खड्ड्याची मापं

तुमच्या कार्यालयाने खोटं लिहिलं आहे. जाड कागदावर, खाली सही करून, वर गोल शिक्का मारून खोटं लिहिलं आहे. तुमच्याच पत्रातली तिसरी ओळ काढून बघा: "जागेवरील गवत व इतर वनस्पती आपण स्वतः काढून टाकल्याचे अर्जदाराने पाहणीवेळी मान्य केले आहे." तिने मान्य केलं, हे खरं. तिने काढलं, हे खोटं. तुमच्या माणसाने आणखी एक साधा प्रश्न विचारला असता तरी त्याला ते कळलं असतं. पण तो तिथे चौदा मिनिटं होता. चौदा मिनिटांत त्याने तिची सत्तावीस वर्षं बघून संपवली.

आता जे झालं ते पहिल्यापासून ऐका.

ती शिवणकाम करते. शाळेचे गणवेश, बायकांचे कपडे, कोटांची अस्तरं, पडद्यांचे काठ, जे येईल ते. पुढच्या खोलीत मशीन, मशीनवर वाकवता येणारा दिवा, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले बिनबाह्यांचे सदरे. मागचं दार उघडलं की तीन पायऱ्या, आणि त्यांच्याखाली खड्डा. हा खड्डा तिच्या वडिलांच्या वीटभट्टीचा. त्यांनी उभा जन्म तिथली माती काढली, विटा भाजल्या, निम्मी वस्ती त्या विटांवर उभी केली, आणि माती संपली तशी भट्टी विझवली. जाण्याआधी लेकीला म्हणाले, "पोरी, तुझ्यासाठी एक मोठं भोक मागे ठेवून चाललोय बघ."

ती म्हणाली, "बाबा, भोकाचं काज करायचं कामच माझं."

पहिली दोन वर्षं तिने नुसता कचरा उपसला. वस्तीला सवय लागली होती, फुटकं-तुटकं काही असलं की फेकलं खड्ड्यात. तिसऱ्या वर्षी तळाला पाणी थांबलं. पाण्याकडेला पाणकणीस आलं. कुठून कोण जाणे, एक वाळुंजाचं रोप उगवलं. पूर्वेच्या उभ्या कडेत खंड्याने बीळ केलं. ती पायरीवर बसून बघायची आणि हातातलं बटण लावायची. मग तिने आपली एक पद्धत बसवली. शिंपिणीचीच पद्धत, दुसऱ्या कोणाला सुचली नसती. खड्ड्याचे तिने चार भाग पाडले: डावी बाही, उजवी बाही, पुढा आणि पाठ. दर वर्षी एकाच भागातलं गवत कापायचं, तेही विळ्याने, तेही बियाणं गळून गेल्यावर. बाकीच्या तिघांना हात लावायचा नाही. पडलेलं झाड पडल्या जागी ठेवायचं. आणि सगळ्याचं माप घ्यायचं. गवत बोटांनी, पाणी काठीने, झाडाचा घेर गळ्यातल्या टेपने. घेर म्हणायची नाही ती. छाती म्हणायची.

ही मापं ती कुठे लिहायची? गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत. दुसरी वही कोण आणतंय!

आता तिचा नवरा. एकतीस वर्षं त्याने बस चालवली. सगळी गल्ली त्याला ड्रायव्हर म्हणते, आपणही तेच म्हणू. त्याची बस म्हणजे डेपोची शान. काचा अशा की चिमण्या आपटायच्या. शिटांखाली बोट फिरवून बघावं, धूळ नाही. 'स्वच्छ गाडी' म्हणून त्याला एक ढाल मिळाली होती, ती बैठकीच्या खोलीत खिळ्यावर आहे आणि आठवड्यातून दोनदा पुसली जाते. अशा माणसाच्या घरामागे तो खड्डा! वाढलेलं गवत, कुजलेलं खोड, पाण्यावर हिरवी साय. निवृत्त होऊन घरी बसल्यावर पहिल्याच आठवड्यात त्याने केरसुणी उचलली आणि मागच्या पायऱ्या उतरू लागला.

"कुठे निघालात?"

"जरा झाडून घेतो."

"पायऱ्यांपर्यंत तुमचं राज्य. खाली माझं."

"अगं, पण त्या खोडाला अळंबी आलीय."

"यायलाच ठेवलंय ते. अहो, तुम्ही आता स्टँडात आहात. गाडी बंद करा आणि चहा प्या."

तेव्हापासून तो पायऱ्या झाडायचा. तीनच पायऱ्या, पण अशा चकाचक की तिसऱ्या पायरीवरून खाली खड्ड्यात बघताना त्याचे हात नुसते शिवशिवायचे. तिच्यासाठी त्याने ते सहन केलं. सहा वर्षं. याला प्रेम म्हणत नसतील तर कशाला म्हणतात?

मग ती बातमी आली. एका गिऱ्हाइकाने गुंडाळून आणलेल्या कापडाबरोबर वर्तमानपत्राचं पान होतं, ते ती उलगडून वाचत बसली.

"अहो, ऐकलंत का? मान्यता देतायत."

"कसली?"

"जागेला. जी जागा कोणी पुष्कळ वर्षं निसर्ग सावरावा म्हणून राखलीय, तिची नोंद करून मान्यता देणार. जबरदस्ती नाही, आपण होऊन अर्ज करायचा."

"आणि मग काय मिळतं?"

"कागद."

"नुसता कागद?"

"तुम्हाला काय मिळालं होतं? पत्र्याची ढाल. किती वर्षं पुसताय?"

ड्रायव्हर ढाल पुसायला उठला. पण त्या कागदाला किती वजन आहे हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याच वर्षी नगरपालिकेने एक यादी लावली होती, 'वापरात नसलेल्या पडीक जागा'. अशा जागा भरून तिथे गाड्या लावायची सोय करायची होती. यादीत एकोणिसावा त्यांचा खड्डा. पडीक! सत्तावीस वर्षं रोज जिथे नजर फिरली, ती जागा पडीक! मान्यता मिळाली तर खड्डा यादीतून निघणार होता, नाही मिळाली तर डंपर येणार होते. एवढं सरळ होतं ते.

तिने अर्ज भरला. रकाने शिवणीच्या टाक्यांसारखे एका ओळीत, एका मापाचे. महिन्याने तुमचं उत्तर आलं: पाहणीसाठी अधिकारी गुरुवारी येतील. सोबत पिवळं पत्रक, 'पाहणीसाठी सूचना'. ती घाईत होती. बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, मंगळवारी पहाटेची गाडी. तिने तारीख तेवढी बघितली, पत्रक मशीनच्या फळीवर ठेवलं आणि पिशवी भरली.

"बुधवारी संध्याकाळी येते परत. तोवर खड्ड्यात काही म्हणजे काही करू नका."

"मी काय करणार?" ड्रायव्हर म्हणाला, आणि त्या क्षणी तो खरंच बोलत होता.

ती गेल्यावर त्याने पत्रक वाचलं. एकतीस वर्षं डेपोच्या फळ्यावरची प्रत्येक सूचना वाचलेला माणूस, छापील कागद दिसला की उभा राहूनच वाचतो. चौथी सूचना अशी होती: "पाहणीपूर्वी जागा झाडून स्वच्छ करावी. वाढलेले गवत कापावे. पडलेल्या फांद्या हलवाव्यात. पाण्याच्या कडा मोकळ्या कराव्यात." तुम्ही हेच पत्रक बागांच्या स्पर्धेलाही पाठवता, हे त्याला कुठून कळावं? त्याने ती सूचना तीनदा वाचली. हिने हे वाचलंच नाही! गुरुवारी साहेब येणार, हे रान बघणार, कपाळाला हात लावणार आणि कागद गेला हातचा. फोन करावा तर ती ऑपरेशनच्या गडबडीत. आणि फोन केला तर ती 'नको' म्हणणार, हेही त्याला माहीत होतं. एका बाजूला तिची 'नको', दुसऱ्या बाजूला कार्यालयाचा छापील हुकूम. ड्रायव्हरने जन्मभर छापील हुकूम मानला होता. शिवाय मनात कुठेतरी एक चित्र होतं: ती दार उघडते, बघते, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा म्हणते, "अहो, किती छान!"

त्याने कंडक्टरला बोलावलं. हा त्याच्याच बसवर बावीस वर्षं होता. अजूनही वाक्य संपलं की जिभेने 'टिंग टिंग' करायचा, म्हणून सगळे त्याला घंटी म्हणत. घंटीने डेपोतले आणखी दोघे निवृत्त आणले. चौघांची मिळून वयं अडीचशेच्या वर, पण फावडी-विळे घेऊन उतरले ते शाळेची सुट्टी लागल्यासारखे.

"वहिनींना विचारलंस का रे?" घंटीने पहिल्या पायरीवरच विचारलं.

"कार्यालयाने सांगितलंय."

"मी वहिनींचं विचारतोय. कार्यालय तुला जेवायला घालत नाही."

"हे बघ, छापलंय."

घंटीने चष्मा लावून वाचलं. "छापलंय खरं. मग आपलं काय जातंय? चला, टिंग टिंग."

दोन दिवस चौघे राबले. चारी भागांतलं गवत भुईसपाट. पाणकणीस मुळासकट उपटलं. आडवं पडलेलं जुनं खोड करवतीने कापून त्याचे तुकडे कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याच्या शेगडीसाठी पाठवून दिले. पूर्वेच्या उभ्या कडेत अकरा बिळं होती. "उंदीर," ड्रायव्हर म्हणाला, आणि ओली माती थापीने भरून अशी गुळगुळीत केली की पोळपाट लाजावा. पाण्याभोवती वडिलांच्या भट्टीतल्या उरलेल्या विटा तिरप्या रोवल्या आणि डेपोच्या रिवाजाप्रमाणे एक पांढरी, एक लाल अशी रंगवली. वाळुंजाच्या बुंध्याला कमरेपर्यंत चुना. शेवटी घंटीने सगळ्या खड्ड्यात केरसुणी फिरवली. मातीवर केरसुणीच्या रेघा उमटल्या, एकसारख्या, विंचरल्यासारख्या.

"आता बोर्ड लाव," घंटी म्हणाला, "थुंकू नये."

बुधवारी संध्याकाळी, उजेड असतानाच ती आली. ड्रायव्हरने अंघोळ करून धुतलेला सदरा घातला होता. तिची पिशवी हातातून घेतली आणि म्हणाला, "डोळे मीट." साठी उलटलेल्या बाईचा हात धरून त्याने तिला मागच्या दाराशी आणलं. "आता उघड."

तिने उघडले.

गळ्यातला टेप दोन्ही हातांनी धरला आणि हळूहळू पायऱ्या उतरली. विंचरलेल्या मातीवरून चालत पाण्यापर्यंत गेली. पांढऱ्या विटेला बोट लावलं, रंग ओला होता. उभ्या कडेपाशी गेली आणि त्या गुळगुळीत मातीवर तळहात ठेवून उभी राहिली. ड्रायव्हर वरून बघत होता. 'किती छान' अजून आलं नव्हतं. त्याच्या लक्षात आलं, आवाजच येत नाहीये. या वेळेला तिथे बेडकांचा, किड्यांचा असा कल्ला असायचा की बातम्या ऐकायला टीव्ही मोठा करावा लागायचा. आज शेजारच्या गच्चीत कोणीतरी कपडे झटकल्याचं ऐकू येत होतं.

ती वर आली. म्हणाली, "उंदीर नव्हते ते. खंड्याची बिळं होती."

"आत... होतं कोणी?"

"नाही. विणीला अजून दोन महिने आहेत. रिकामी होती." मग तिने त्याचे हात हातात घेऊन उलटे केले. दोन्ही तळवे सोललेले, दोन फोड फुटलेले. "हे काय करून घेतलंत?"

"कागदावर लिहिलं होतं गं," ड्रायव्हर म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "चौथी सूचना."

तिने पत्रक वाचलं. परत घडी घातली. मग फडताळातून तेलाची बाटली काढली, त्याला खुर्चीत बसवलं आणि त्याच्या तळव्यांना तेल लावत राहिली. मधेच तिला हसू फुटलं, ते आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांना पाणी आलं. "पांढरी, लाल, पांढरी, लाल," ती म्हणाली, "अहो, मधे एक थांबा पण करायचा होतात!"

तो हसला नाही. त्याला रात्रीचं जेवण गेलं नाही.

गुरुवारी दहा चाळीसला तुमचा माणूस आला. हा तरुण, नम्र, चकचकीत बुटांचा. तो वाईट माणूस होता असं कोणी म्हणत नाही. तो पायऱ्या उतरला आणि त्याचा चेहरा खुलला.

"वा! फारच छान ठेवलंय हो."

ड्रायव्हरला ते ऐकून कानाखाली बसल्यासारखं झालं. तुमच्या माणसाने विटांचा फोटो काढला. चुन्याच्या बुंध्याचा काढला. विंचरलेल्या मातीचा काढला. मग हातातल्या फळीवरचा कागद बघून विचारलं, "पण अर्जात तर लिहिलंय, उंच गवत, पाणवनस्पती, पडलेलं खोड, पक्ष्यांची बिळं. ते कुठंय?"

ड्रायव्हरने घसा खाकरला. सगळी सकाळ त्याने ते वाक्य घोकलं होतं. 'साहेब, चूक माझी आहे.' पाच शब्दसुद्धा नाहीत. तो म्हणाला, "साहेब..."

"मी काढलं," ती म्हणाली. मधेच, शांतपणे, सदऱ्याची बाही उसवल्यासारखं सहज. "पाहणी आहे म्हणून मीच सगळं साफ केलं. तुमच्या सूचनेत होतं."

"तुम्ही स्वतः?"

"मी स्वतः."

ड्रायव्हरने तिच्याकडे बघितलं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. तुमच्या माणसाने ते लिहून घेतलं. त्याने तिचे हात बघायला हवे होते. तिच्या बोटाला सुईचे घट्टे होते, फावड्याचा एक फोड नव्हता. सोललेले हात शेजारीच उभे होते, पाठीमागे लपवलेले.

"पण नोंदी आहेत," ती म्हणाली. "सत्तावीस वर्षांच्या. बसा ना, दाखवते."

तिने वह्यांचा गठ्ठा मशीनवर ठेवला. त्याने वरची एक उघडली. "सदरा शाळेचा, उंची बावीस, छाती सव्वीस..." त्याने हसून वही मिटली. "काकू, या कपड्यांच्या वह्या आहेत."

"खालची ओळ वाचा."

"मला साडेअकराला दुसरी पाहणी आहे."

दहा चोपन्नला तो गेला. भिंतीवरचं घड्याळ ड्रायव्हरने बघून ठेवलं. गाडी सुटली की वेळ बघायची, ही सवय जात नाही.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. शोभेची बाग. दीर्घकाळ राखल्याचा पुरावा आढळला नाही. अर्जदाराने मान्य केले आहे. सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. तिने ते वाचलं, मशीनच्या खणात टाकलं आणि गणवेशाची उरलेली शिवण पूर्ण केली. टाके सरळ आले, हे त्यातलं सगळ्यात वाईट होतं. तिला रडताना बघणं ड्रायव्हरला परवडलं असतं.

दुपारी ती बटणं आणायला बाजारात गेली तेव्हा त्याने पत्र पुन्हा वाचण्यासाठी खण उघडला. पत्राखाली चालू वही होती. सत्तावीस वर्षांत त्याने त्या वह्या कधी उघडल्या नव्हत्या. बायकांच्या मापांच्या वहीत पुरुषाने डोकावू नये, असं त्याला वाटायचं. आता त्याने चालू वही बाजूला ठेवली आणि फडताळातली सगळ्यात जुनी काढली. खुर्ची ओढली.

"वाळुंज, छाती ३. बेडूक पहिल्यांदा ऐकला." त्याखाली कोणाच्या तरी झग्याची कंबर. "डावी बाही कापली. कोट, खांदे १८. कडेत खंड्या, एक बीळ." तो पुढे पुढे वाचत गेला. पाणी किती काठी, गवत किती बोटं, सापाची कात किती लांब. तिने ती सापाची कातसुद्धा टेपने मोजली होती! दहाव्या वर्षी एक ओळ आली: "वाळुंज, छाती २१. ह्यांची ४०." त्याला वाटलं, सदऱ्याचं माप असेल. पण पुढच्या वर्षीही होतं, त्याच्या पुढच्याही. दर वर्षी, एकाच दिवशी, झाड आणि नवरा. विसाव्या वर्षी: "वाळुंज ४४. ह्यांची ४२. गेलं हो पुढे." तो निवृत्त झाला त्या दिवशी: "आजपासून हे घरी. बरं वाटलं. खड्ड्याला जपायला हवं."

ड्रायव्हर एकटाच मोठ्याने हसला.

मग त्याने चालू वही घेतली. शेवटून दुसरं पान.

"बुधवार. गवत, चारी भागांत शून्य. पाणकणीस शून्य. बिळं अकरा होती, शून्य. खोड गेलं. ह्यांचे दोन्ही हात सोलले, तेल लावलं. इतक्या प्रेमाने कोणी कशाची वाट लावत नाही. उद्या मी केलं म्हणून सांगेन. या वयात माणसाला चारचौघांत मान खाली घालायला लावू नये."

ती परत आली तेव्हा मशीनवर सगळ्या वह्या पसरलेल्या होत्या.

"वाचलंत?"

"मला नाही चालत," ड्रायव्हर म्हणाला. "मला मान खाली घालायची आहे. चारचौघांत. मी केलंय ते, मला घालू दे."

तिने आणलेली बटणं मशीनवर ठेवली. "उद्या जा मग. सदऱ्याचं वरचं बटण सैल आहे, काढून द्या, लावते."

दुसऱ्या दिवशी तो तुमच्या कार्यालयात आला. दोन पिशव्या, सत्तावीस वह्या. दुसरी पिशवी घंटीच्या खांद्यावर. काचेला खाली अर्धगोल भोक असलेली तुमची ती खिडकी, जिथे बोलायचं तर माणसाला वाकावंच लागतं. आत कारकून होता.

"विषय?"

"खोटं दुरुस्त करायचंय."

"तो विभाग हा नाही."

"मग कुठला?"

कारकुनाने मान वर केली. ड्रायव्हर वाकला नाही. काचेवरून, मागच्या रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, जो आवाज एकतीस वर्षं शेवटच्या शिटापर्यंत जायचा त्या आवाजात म्हणाला, "खड्डा मी साफ केला. माझ्या बायकोने नाही. ती गावात नव्हती. तिने मला सांगितलं होतं, हात लावू नका. तुम्ही सांगितलं, कापा. मी तुमचं ऐकलं. ही माझी चूक. हे माझे हात. आणि ही तिची वही, तिच्या अक्षरात, बुधवारची."

"टिंग टिंग," मागून घंटी म्हणाला. तो चेष्टेत नव्हता.

रांगेतली एक बाई पुढे आली आणि पिशवीतली एक जुनी वही उघडून आत डोकावली. "यात माझ्या लग्नाच्या कपड्यांचं माप आहे की!" ती म्हणाली. "अगं बाई, चोवीस कंबर! आणि खाली काय लिहिलंय? 'पाण्यावर चतुर, निळे, मोजता येईनात.'" रांग हसली. कारकूनही हसला, ते मान्य करू. पण मग त्याने बुधवारची वही आत ओढून घेतली, बाकीच्या परत दिल्या, आवक क्रमांकाची चिठ्ठी फाडून भोकातून सरकवली आणि म्हणाला, "उत्तर येईल."

त्याला आता पाच महिने झाले.

या पाच महिन्यांत काय काय झालं ते ऐकून ठेवा, कारण तुम्ही बघायला आला नाहीत. ड्रायव्हर इस्त्रीवाल्याकडे गेला आणि न जळालेले सात तुकडे खांद्यावरून परत आणून खोडाच्या जुन्या जागी ठेवले. रंगवलेल्या विटा एकेक करून काढल्या. कडेतली माती त्याने चमच्याने खरवडून काढली. थापीने भरताना लागला होता त्याच्या दहापट वेळ लागला. अकरापैकी सहा बिळं मोकळी झाली. खंड्याने त्यातलं एकही घेतलं नाही, शेजारी स्वतःचं नवीन केलं. ती म्हणाली, "तुमच्या हातचं त्याला आवडलं नाही," आणि तीन दिवस ड्रायव्हर गल्लीभर तेच सांगत फिरला. बेडूक आले आहेत. टीव्ही पुन्हा मोठा करावा लागतो. तिसऱ्या पायरीच्या खाली आता ड्रायव्हरलाही जायची परवानगी आहे, पण फक्त टेपचं दुसरं टोक धरायला. वही तुमच्याकडे अडकल्यामुळे तिने नवीन वही घातली. पहिल्या पानावर लिहिलं आहे: "डावी बाही, गवत ११ बोटं. वाळुंज, चुन्यासकट, ५३. ह्यांची ४२."

यादीत खड्डा अजून एकोणिसावा आहे. मागच्या आठवड्यात दोन माणसं आली आणि काठावर खुंट्या ठोकून गेली. त्या दिवसापासून ड्रायव्हर मागच्या पायरीवर खुर्ची टाकून बसतो. तो खुंट्या उपटत नाही. परवानगीशिवाय काही उपटायचं नाही, हे तो शिकला आहे. तुम्ही कधी शिकणार?

बुधवारची वही तुमच्या टेबलावर आहे. ते कोणी केलं आणि कोणी आपल्या माथी घेतलं, हे त्यात लिहिलेलं आहे, तुमच्याच आवक शिक्क्याखाली. पत्रातली तिसरी ओळ खोटी आहे हे तुम्हाला पाच महिने माहीत आहे. मग ती अजून तशीच का? पुन्हा पाहणीला तुमचा माणूस कधी येणार? दिवस सांगा. पिवळं पत्रक पाठवू नका, नुसता दिवस सांगा. डंपर आधी येणार की तुम्ही?

उत्तर द्या.